बसने गेलेली बाग

कॅनडाच्या उत्तरेकडल्या कॉपर पॉइंट गावाखाली माती नाही, खडक आहे. फावडं मारलं की ठण्ण आवाज येतो आणि मनगट झिणझिणतं. पाण्याचे पाइपसुद्धा इथं जमिनीवरून, लाकडी पेट्यांतून नेलेत आणि लोक त्या पेट्यांवरून रस्त्यावरून चालावं तसे चालतात. अशा गावात लग्न होऊन आलेल्या स्टेफानिया बॉयचुकनं पहिल्याच वसंतात नवऱ्याला विचारलं, "माइक, शेपू कुठं लावू?"

माइक खाणीत कामाला होता. बूट काढत तो म्हणाला, "दुकानात मिळतो की."

"दुकानातला? तो दक्षिणेकडून ट्रकनं येतो. इथं पोचेस्तोवर त्याचा जीव गेलेला असतो."

स्टेफीचं माहेर मॅनिटोबा प्रांताच्या दक्षिणेला, काळ्याभोर मातीच्या शेतावर. तिच्या आईच्या परसात शेपू कुणी पेरत नसे, तो आपला आपण उगवायचा, पायाखाली यायचा. लोणी आणि शेपू नसेल तर नव्या बटाट्यांना त्या घरात कुणी हात लावत नसे. ती सवय स्टेफी बरोबर घेऊन आली होती आणि सोडायला अजिबात तयार नव्हती.

सुरुवातीला तिनं भरपूर मार खाल्ला. मेमधल्या चार उबदार दिवसांना भुलून रोपं बाहेर मांडली, तर सकाळी उठून बघते तो सगळ्यावर बर्फ. पुढच्या वर्षी थांबली, तर इतकी थांबली की शेपू बोटभर होईस्तोवर उन्हाळाच आटोपला. मग ती घरातच पेरायला लागली. मार्चमध्ये बाहेर गुडघाभर बर्फ असताना तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुधाची कापलेली खोकी ओळीनं बसायची: पार्सली, सेज, थाईम, असा स्वयंपाकात घालायचा वासाचा पाला. शेपूला मात्र उपटून दुसरीकडे लावलेलं खपत नाही, त्याचं मूळ खोल जातं. म्हणून तो थेट बादलीत. हॉटेलवाल्याकडून लोणच्याच्या रिकाम्या बादल्या यायच्या. तापवलेल्या खिळ्यानं तळाला भोकं पाडायची, बाहेरून काळा रंग द्यायचा, म्हणजे असेल नसेल तेवढं ऊन ओढून घेतलं जातं. पुदिन्याला स्वतंत्र बादली, कारण तो शेजाऱ्याला गिळतो. हा पुदिना तिची मैत्रीण व्हर्ना लिंकलेटरनं तळ्याकाठून आणून दिलेला. व्हर्ना क्री या तिथल्या मूळ रहिवासी समाजातली, आणि शाळेच्या बसगाड्यांचं सगळं कामकाज तिच्या हाती. स्टेफीला बस चालवायला लावणारीही तीच.

त्या बसवर स्टेफीची नोकरी सरली. माइक गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विनिपेग शहरातून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आता त्या बादल्या बास कर."

"बरं," स्टेफी म्हणाली, आणि त्या वर्षी आणखी सहा बादल्या रंगवल्या.

मेच्या शेवटी रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायचे दिवस आले. एकदम बाहेर काढली तर वारा त्यांना झोडपतो. म्हणून आधी थोडा वेळ सावलीत, मग थोडं ऊन, संध्याकाळी परत आत. स्टेफी ढकलगाडीवर बादल्या लादून आत-बाहेर करायची आणि शेजारचा लॉयड मॅकगिलिव्हरी पायरीवर कॉफी पीत बघत बसायचा. खाणीतून निवृत्त झालेला माणूस, करायला दुसरं काय?

"काय गं स्टेफी, पोरांना शाळेत सोडायला निघालीस?"

"हो. तुझ्यापेक्षा लवकर शिकतात."

"आणि त्या शेपूचा वास माझ्या घरात येतो त्याचं काय?"

"खिडकी लाव, मेल्या. नाहीतर अंघोळ कर, म्हणजे वास कुठून येतो ते नीट कळेल."

त्या वर्षी पाऊस नव्हता. जंगल कोरडं ठणठणीत झालं होतं. आठवडाभर पश्चिमेला धूर दिसत होता, आणि एका दुपारी सूर्य तांब्याच्या ताटासारखा लाल झाला. गाव रिकामं करा, असा हुकूम आला. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सामान कोंबून निघाले. स्टेफीही आपल्या जुन्या गाडीच्या चाव्या शोधत होती, इतक्यात व्हर्नाचा फोन.

"तुझा परवाना चालू आहे ना अजून?"

"आहे. का?"

"एक बस उभी आहे आणि चालवायला कुणी नाही. आपल्या बाजूची म्हातारी माणसं, गाडी नसलेली माणसं, सगळी अडकलीत. तुझा गुडघा काय म्हणतो?"

"गुडघ्याला कोण विचारतं? आले."

डेपोतून पिवळी बस काढून ती आपल्या गल्लीत आली. लोक पिशव्या, उशा, मांजरांच्या पेट्या घेऊन उभे होते. बादल्या तिच्या दारात ढकलगाडीवर होत्या. जागा उरली तर नेऊ, असं तिच्या मनात होतं. पण सीटा भरत गेल्या, मधल्या वाटेत व्हीलचेअर आली, औषधांच्या पेट्या आल्या. स्टेफीनं आरशातून एकदा मागे पाहिलं आणि दाराच्या दांड्यावर हात ठेवला. माणसं बसली होती. संपलं.

"थांब," मागून लॉयड ओरडला. "दार लावू नकोस."

"काय विसरलास?"

तो खाली उतरला, धापा टाकत तिच्या दारापर्यंत गेला आणि शेपूची बादली पोटाशी धरून परत आला. सीटवर बसून त्यानं ती मांडीवर घेतली.

"लॉयड, जागा नाही रे."

"माझी मांडी आहे. तिच्यावर काय ठेवायचं ते मी ठरवणार. तू गाडी चालव."

मग आणखी एकजण उतरला. मग तिच्या बसमधून शाळेत गेलेली आणि आता आई होऊ घातलेली टेसा पुढच्या सीटवरून म्हणाली, "मिसेस बॉयचुक, मला एक छोटी द्या. मला वाकवत नाही, पण धरता येईल." एवढ्याशा वेळात ढकलगाडी रिकामी झाली. स्टेफी तोंडानं "अरे पुरे, पुरे" म्हणत होती, पण थांबवत मात्र कुणालाच नव्हती.

महामार्गावर धूर इतका दाट होता की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत. एका वळणावर झाडं रस्त्याच्या अगदी कडेला पेटलेली होती, काचा हाताला गरम लागत होत्या. स्टेफी या रस्त्याचा प्रत्येक खड्डा ओळखत होती. तिनं वेग वाढवला नाही की कमी केला नाही. बर्फाच्या दिवसांत पोरं घेऊन जायची तशीच नेली.

टेसाला मळमळायला लागलं. शेजारच्या म्हातारीनं आपल्या मांडीवरच्या पुदिन्याची पानं चुरून तिच्या नाकाशी धरली. मग ती पानं हातोहात मागे गेली. धुराच्या वासात थंडगार पुदिना मिसळला, मागून शेपू आला आणि कुणीतरी पहिल्यांदा बोललं.

"लॉयड, तुला हा वास चालत नाही ना?"

"मी तोंडानं श्वास घेतोय," लॉयड म्हणाला, आणि सगळी बस हसली.

दक्षिणेतल्या एका गावानं आइस हॉकीच्या मैदानाच्या मोठ्या दालनात त्यांची सोय केली. खाटांच्या रांगा, टांगलेले दिवे, आणि रोज एकच प्रश्न: गाव उभं आहे का? उत्तर रोज तेच, अजून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेफीनं इमारतीची दक्षिणेकडची भिंत शोधली आणि बादल्या तिथं मांडल्या. ती पाणी घालायला गेली तर आधीच कुणी घालून गेलेलं. ज्यानं जी बादली आणली ती त्याची झाली होती. लॉयड सकाळी उठून आधी शेपू बघायचा.

"शेंडा खुडू का गं?"

"शेपूचा नको. टेसाच्या पार्सलीची बाहेरची पानं काढ, आतून नवी येतील."

जेवण पोटभर मिळायचं, पण सगळं पांढरं: उकडलेले बटाटे, उकडलेली कोंबडी, भात. स्टेफीनं कात्री घेतली आणि थेट तिथल्या स्वयंपाकघरात घुसली. त्या दुपारी बटाट्यांवर लोणी होतं, थाईम होतं आणि हिरवागार शेपू होता. तिसऱ्या टेबलावरचा एक म्हातारा ताटाकडे बघून रडायलाच लागला. "घरच्यासारखं लागतंय," एवढंच म्हणाला आणि पुन्हा वाढून घ्यायला उठला. पुढे लोक कागदी पेल्यांत पुदिन्याच्या काड्या लावायला लागले. खाटाखाटांच्या उशाशी पेले दिसायला लागले. व्हर्ना म्हणाली, "तळ्यावरून एक मूठ आणली होती गं मी. बघ काय करून ठेवलंस."

आणि मग एका सकाळी बातमी आली. आग गावाच्या वेशीवर अडवली होती. तळ्याकाठच्या काही झोपड्या गेल्या, पण गाव उभं होतं.

परतीची पहिली बस स्टेफीनंच चालवली. व्हर्नानं दुसरा ड्रायव्हर देऊ केला, तर ही म्हणाली, "ज्यानं नेलं त्यानंच आणायचं." बस काळ्या पडलेल्या जंगलातून आली. बुंधे कोळशासारखे उभे होते, पण मुळाशी कुठं कुठं हिरवं फुटलं होतं. गावाच्या तोंडाशी अग्निशमनाची माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभी होती. स्टेफीनं हॉर्नवर हात ठेवला आणि मुख्य रस्ता संपेपर्यंत उचललाच नाही. बसमधली माणसं खिडक्यांतून बादल्या वर धरून ओरडत होती.

घरोघरी फ्रीजमधला सडका वास होता, सगळीकडे राख होती. ते सगळं उद्यावर टाकून स्टेफीनं चर्चच्या हॉलमधलं सगळ्यात मोठं पातेलं बाहेर काढलं. बसबरोबर बटाट्यांची पोती आली होती. आग विझवणारी ती पोरं-पोरी कित्येक दिवस पाकिटातलं खाऊन होती. ती रांगेत उभी राहिली, चेहरे काळे, डोळे लाल.

त्यांची प्रमुख, एक उंच बाई, पहिला घास घेऊन थांबली. "हे हिरवं काय आहे?"

"शेपू," लॉयड म्हणाला. "मांडीवर बसवून वाढवलाय मी."

"अजून आहे का?"

स्टेफीनं बादलीकडे पाहिलं. शेपूला पिवळे तुरे धरत होते. कात्री घेऊन तिनं तो बुडापासून कापला, एक काडीही ठेवली नाही, आणि ओंजळ भरभरून पातेल्यात टाकला. मग स्वतःसाठी ताट वाढून घेतलं, चर्चच्या पायरीवर दुखरा गुडघा लांब पसरून बसली आणि सगळ्यांच्या आधी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठली.