पाय बरा होईपर्यंत

माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा आगबोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने बाहेर. मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला आमचं घर. तिथं मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच. मामंजी मोडलेली हाडं बसवायचे.

एका फाल्गुनात बंदरावरच्या चौघांनी एका म्हाताऱ्या मलबारी खलाशाला उचलून आणलं. गलबताची डोलकाठी अंगावर पडून त्याचा पाय मोडला होता, आणि ते त्याला धक्क्यावर ठेवून पुढं निघून गेलं होतं. मामंजींनी हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि विचारलं, "आता ह्याला नेणार कुठं?" चौघंही पाऊलभर मागं सरले.

मी म्हटलं, "कुठं नाही. आमच्या पडवीत राहील."

तिसऱ्या दिवशी वाडीचे मुख्य आले. "जात कोणती त्याची?"

"विचारली नाही. त्याची बोली मला येत नाही."

"नवरा दर्यावर, म्हणून तुला कळवळा."

"नवरा घरी असता तरी ठेवला असता. तो काही घर मागत नाही. पाय बरा होईपर्यंत टेकायला जागा हवी, तेवढी कुणालाही मिळालीच पाहिजे. आपण तरी ही जमीन जन्माला येताना सोबत आणली होती?"

"मग वाडीच्या विहिरीवर पाऊल टाकू नको."

ते गेल्यावर मामंजी एवढंच म्हणाले, "झरा लांब आहे गो, पोरी." पण सकाळी दुसरी घागर त्यांनीच उचलली.

चैत्रात झरा आटत आला. वाटीवाटीनं पाणी भरायचं आणि तापलेल्या कातळावरून यायचं. एकदा ठेचकाळले, घागर फुटली. तिथंच बसून रडले, मग घरून दुसरी घेऊन गेले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं असावं. डोक्यावर घागर नीट बसावी म्हणून त्यानं काथ्याची घट्ट चुंबळ वळून माझ्यासमोर ठेवली.

वैशाखात तो किंचित लंगडत दक्षिणेकडच्या मचव्यावर चढला.

दुसऱ्याच दिवशी मुख्यांनी वाटेत गाठलं. "गेला ना? आता चुकले म्हण, आणि विहिरीवर ये."

"चुकले नाही, तर म्हणू कशी?"

आणखी पंधरा दिवस मी झऱ्यावरच जात राहिले. मग एका सकाळी विहिरीवरून मुख्यांच्या बायकोनंच हाक मारली, "काय गो, किती चालशील? ये इकडे."

"मी चुकले म्हणणार नाही."

"तुला कोण म्हणायला सांगतंय?" ती बाजूला सरकली. मी कळशीला दोर बांधून ती विहिरीत सोडली.