ग्रेनकाका आणि पसंत न पडणारे काटे

ग्रेनकाका वजन करताना श्वास रोखून धरत. काट्याच्या पारड्यात बंदुकीच्या दारूचे दाणे पडू लागले की त्यांची छाती हलायची थांबे. दांडी मध्यावर येऊन स्थिरावली की मगच ते मोठ्यानं श्वास सोडत. पुढे ही सवय इतकी अंगात भिनली की बहारीनच्या अदलिया भागातल्या कॅफेत कपात साखर टाकतानाही ते श्वास रोखत, आणि वेटर काळजीनं त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राही.

आमचा नेमबाजीचा क्लब राजधानी मनामापासून लांब, वाळवंटाच्या कडेला. मी तिथे ऑफिसात होते. सगळ्यांचे व्हिसा, सीपीआर म्हणजे इथली ओळखपत्रं, लीव्ह माझ्याकडे. काका मागच्या खोलीत काडतुसं भरत. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, तिच्यात नवी दारू तोलून ओतायची, वर नवी गोळी बसवायची. ही दारू ग्रेनमध्ये तोलतात, आणि एका ग्रॅममध्ये असे पंधरापेक्षा जास्त ग्रेन मावतात. काका मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यात बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेले. माझा घसा बसला की ते सांगत, "कोमट पाण्यात पन्नास ग्रेन मीठ टाक आणि गुळण्या कर." तेव्हापासून ते ग्रेनकाका.

त्यांच्या सासूबाईंना गावात कुणीतरी सांगितलं होतं की जावई बहारीनमध्ये दारू भरतो. त्या बाईंनी कितीतरी दिवस जावयाशी बोलणं टाकलं. काकू हे हसून हसून सांगत. काका मात्र गंभीरपणे म्हणत, "बरोबरच होतं त्यांचं. भरतोच की."

एका हिवाळ्यात खोलीतला जुना दांडीचा काटा झिजला. आमचा बहारीनी मॅनेजर, ज्याला सगळे मुदीर म्हणत, काकांना म्हणाला की एक नवा काटा आणि दारू टाकायचं एक यंत्र तुम्हीच निवडा, आठवडाभरात सांगा. काकांनी मान डोलावली आणि निवड उन्हाळ्यापर्यंत चालवली. एजंट नमुने पाठवत राहिले, काका परत करत राहिले. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यांनी एसी बंद करायला लावला, कारण वाऱ्याच्या झोतानं आकडा हलतो. मग माझा मोबाइल बाहेर गेला. मग म्हणाले, "ती ओढणीपण बाहेर ठेव. नायलॉन आहे, वीज धरते." मी घामानं निथळत उभी, आणि काका श्वास रोखून बसलेले.

दारू टाकायच्या यंत्राची परीक्षा झिंजमधल्या त्यांच्या फ्लॅटवर झाली. वर डबा, मध्ये फिरणारं माप, बाजूला हँडल. हँडल खालीवर केलं की ठरलेला घोट खाली पडतो. यंत्र कोरं करकरीत होतं म्हणून काकांनी डब्यात आधी रवा भरला आणि नंतर शेवयांचा चुरा. रवा सुरेख पडला. शेवया मात्र अडकल्या, कचकन तुटल्या आणि दर वेळी कमीजास्त पडल्या. "बारीक दारू असली तर हे यंत्र झकास," ते मला समजावू लागले, "लांबट काड्यांची असली तर याच्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक घोट तोलायचा." काकूंनी त्याच रव्याचा उपमा केला. प्रत्येकाच्या ताटलीत अगदी सारखा पडला, असं त्या म्हणाल्या.

एवढा काटेकोरपणा कशाला, हे मला एका दुपारी कळलं. दुसऱ्या दिवशी स्पर्धा असलेला एक सभासद दारात येऊन गप्पा मारू लागला. काकांनी मान वर केली, दोन शब्द बोलले, आणि पुन्हा समोर पाहिलं तेव्हा एका पुंगळीत दारू एकदा पडली की दोनदा, हे त्यांना आठवेना. त्यांनी ट्रेमधल्या सगळ्याच पुंगळ्या रिकाम्या केल्या. सभासद चिडला. काका शांतपणे म्हणाले, "कमी पडली तर गोळी खाली लागेल. जास्त पडली तर पुंगळी तळाशी फुगेल, कडेला चिरेल, नाहीतर बंदूकच हातात फुटेल. शंका आली की ओतून टाकायचं, विचार करत बसायचं नाही." तो गृहस्थ तणतणत गेला आणि पुढच्या आठवड्यात खजुराचा डबा घेऊन आला.

भर उन्हाळ्यात टेबलावर तीन काटे उरले होते आणि काकांना एकही पसंत नव्हता. तेच वजन तीनदा ठेवलं तर आकडे तीन. कधी दोष एसीचा, कधी टेबलाचा, कधी बिचाऱ्या एजंटचा. एका सकाळी ते मला म्हणाले, "आज तू बस. मी नुसता बघतो."

मी चिमट्यानं वजन ठेवलं. आकडा आला. उचललं, पुन्हा ठेवलं, तोच आकडा. दुसऱ्या काट्यावरही तेच, तिसऱ्यावरही तेच. मला वाटलं काका खूश होतील, म्हणून मागे वळले. ते स्वतःचा उजवा हात समोर धरून बघत होते. बोटं बारीक थरथरत होती.

"काटे सगळे चांगले आहेत गं," ते म्हणाले.

ते मुदीरकडे निघाले तेव्हा मी त्यांना अडवलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आधी सलमानिया हॉस्पिटलात हात दाखवून या, मग काय ते सांगा, असं मी विनवलं.

"आणि तोवर काडतुसं कोण भरणार? मीच ना?" एवढंच म्हणून ते आत गेले.

डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात असल्याचं सांगितलं. हळूहळू वाढेल, गोळ्या घ्या. मुदीर भला माणूस. व्हिसा संपेपर्यंत राहा आणि कुणाला तरी तयार करा, असं तो म्हणाला. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बसेल. हिचा हात स्थिर आहे आणि कामात ही बोलत नाही." मुदीरला हसू आवरेना, कारण ऑफिसात माझं तोंड दिवसभर चालू असे.

काडतुसं भरायचं माझं परमिट आलं आणि काकांची महिनोन्‌महिने रखडलेली निवड एका दुपारी उरकली. रोजच्या कामाला इलेक्ट्रॉनिक, पडताळायला नवा दांडीचा. मला खुर्चीवर बसवून, दांडी बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत येईल अशी त्यांनी फळी ठोकून घेतली. ठोकणारा सुतार होता. काका नुसते सांगत होते, हात खिशात घालून.

ते जायच्या आदल्या दिवशी मी एकटीनं भरलेला पहिला ट्रे तयार झाला. सभासदांना द्यायच्या आधी त्यातलं एक काडतूस काकांनी उचललं. मी म्हटलं, काका, दुसऱ्या कुणाला तरी झाडू द्या. चुकून दाणे जास्त पडले असतील तर, हे मी बोलले नाही. त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

"मी शिकवलंय," ते म्हणाले. "मग मीच."

रेंजवर आणखी कुणी नव्हतं. त्यांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, गाल लावला, बराच वेळ घेतला आणि चाप ओढला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा समोरचा कागद कोराच होता. गोळी कुठेतरी मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात गेली होती. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. गरम पुंगळी त्यांनी रुमालात धरली, उन्हात फिरवून तळाकडून, कडेनं नीट न्याहाळली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "दे आता लोकांना."