कोणतंही एक्सेप्शन चालेल

मुक्ता, ईशान — हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा होते तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही. मग आताच का? गेल्या रविवारी फोनवर मुक्ता म्हणाली, "आजी, नव्या नोकरीत मला दिवसभर टेस्ट लिहायच्या असतात. आई म्हणते, तुझ्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं." मी हसले आणि फोन बंद केला. नंतर तुम्हाला कळवलं, नेट गेलं म्हणून. नेट गेलं नव्हतं.

काटेकोर होते, हे खरं. इंग्रजी शाळेत शिकले, नाशिक रोडच्या एका छोट्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यात माझी वर्षं गेली. पोरं दबकून असायची. वैशाली नावाची एक नवी मुलगी म्हणायची, मॅडमच्या हाताखालून गेलेला कोड देवसुद्धा तपासणार नाही. मला ते आवडायचं — फार आवडायचं.

आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी एक प्रोग्रॅम करत होतो. थंडाव्यासाठी वापरतात तो विषारी अमोनिया वायू गळला तर भोंगा वाजवणारा. तो फंक्शनल पद्धतीने लिहिलेला होता. ईशान, तुझ्यासाठी सोपं करून सांगते. त्या पद्धतीत प्रत्येक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, एकच काम करतं — जे दिलं ते घ्यायचं, उत्तर द्यायचं, मधे काही लपवायचं नाही. उत्तर देता येत नसेल तर ते एक्सेप्शन फेकतं, म्हणजे काय अडलं त्याचा इशारा देतं, आणि प्रत्येक एक्सेप्शनला नाव असतं. आमच्याकडे दोन होती. गॅस मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली, तर 'वायर तुटली'. तेव्हा भोंगा वाजलाच पाहिजे. दुरुस्तीसाठी सेन्सर मुद्दाम बंद ठेवला असेल, तर 'बंद'. तेव्हा भोंगा गप्प.

मग टेस्टचं काम काय? वायर तुटल्यावर येतं तसं मोजमाप फंक्शनला द्यायचं आणि बघायचं — एक्सेप्शन येतंय का, एवढंच नाही, तेच येतंय का. काटेकोरपणा म्हणतात तो एवढाच असतो.

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्रोग्रॅम बसवायचा होता, आणि नेमकी ही एक टेस्ट लाल, म्हणजे नापास, होती. वायर तुटल्यावर फंक्शन 'बंद' फेकत होतं. का, ते शोधायला हवं होतं — नाही का? मी टेस्टच बदलली. 'वायर तुटली' हे नाव काढलं आणि 'कोणतंही एक्सेप्शन चालेल' असं केलं. टेस्ट हिरवी झाली.

वैशाली मागे उभी होती. "मॅडम, मग तर काहीही फेकलं तरी पास होईल ना?"

सोमवारी बघू, म्हणाले. सोमवारी ती आठवण करून द्यायला आली, तेव्हा सगळ्यांदेखत तिला सुनावलं, आधी स्वतःचं काम संपव. तिने पुन्हा विचारलं नाही. मीही बघितलं नाही.

पुढच्या हंगामात तिथली वायर उंदरांनी कुरतडली. भोंगा वाजला नाही, म्हणून वायरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका दुपारी अमोनिया खरोखरच गळला, आणि तुटलेल्या वायरमुळे भोंगा तेव्हाही वाजला नाही. यंत्रं सांभाळणाऱ्या काशिनाथने द्राक्षं भरणाऱ्या बायकांना बाहेर काढलं आणि व्हॉल्व्ह बंद करायला तो परत आत गेला. बायका वाचल्या. त्याचा डावा डोळा गेला. छाती कायमची अधू झाली.

बातमी कळल्यावर मी आधी काय केलं असेल? कॉम्प्युटरसमोर बसले आणि फंक्शनला तुटलेल्या वायरचं मोजमाप दिलं. 'बंद' आलं. म्हणजे मला पुढे कधीतरी कळलं असं नाही — त्याच दिवशी कळलं होतं.

कोल्ड स्टोरेजच्या मालकांचं म्हणणं पडलं की भोंगा उगाच कटकट करतो म्हणून काशिनाथनेच तो बंद केला असणार. चौकशी बसली. कंपनीतर्फे मी त्याला बघायला दवाखान्यात गेले. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. कोण आलंय ते सांगितल्यावर तो उठून बसायची धडपड करायला लागला.

"मी नाय बंद केला, मॅडम. तो वाजलाच नाय. तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकतील ते. येवढं सांगा त्यांना."

मी म्हणाले, "बघते."

आणि काय बघितलं? चौकशीला उत्तर पाठवलं, चांगल्या इंग्रजीत — प्रोग्रॅमच्या सर्व चाचण्या यशस्वी आहेत. शब्दन् शब्द खरा होता. त्याच्याच आधारावर काशिनाथवर ठपका ठेवला गेला आणि त्याला कामावरून काढलं. वैशालीने थोड्याच दिवसांत नोकरी सोडली. कारण तिने सांगितलं नाही. मला ते विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर मी फंक्शन दुरुस्त केलं. टेस्टमध्ये नाव परत घातलं. नवा प्रोग्रॅम सगळीकडे पाठवला, 'किरकोळ सुधारणा' म्हणून. म्हणजे दुरुस्त करता येत होतं मला. नोकरीची भीती म्हणावी, तर निवृत्ती अगदी जवळ आली होती. मग कसली भीती? लोक मला काय समजतात, ते बदलेल याची. एका माणसाच्या अब्रूसमोर मी हे ठेवलं — आणि हे निवडलं.

गेल्या वर्षी पिंपळगावला गेले होते. टपरीवर चहा घेताना काशिनाथची चौकशी केली. "कोण, भोंगाबंद काशिनाथ?" टपरीवाला हसला. "लेकीकडं हाय तो, त्या पलीकडच्या गल्लीत." मी चहा संपवला आणि परत आले. त्या गल्लीत गेले नाही.

काशिनाथ हयात आहे. उजव्या डोळ्याने त्याला दिसतं. चौकशीचा अहवाल होता तसाच आहे, आणि गावाने ठेवलेलं ते नावही.