सनई कायची वाजून राह्यली

त्या दिवशी लिंबाखालच्या ओट्यावर कोण कोण होतं थे पयले सांगतो. माहे घरचे होते, सनई मांडीवर घेऊन. त्यायचा लहाना भाऊ, म्हणजे माहा दीर, थो मांगून सूर धरे. मावससासू होती, तोंडात दात नाई पण मोहल्ल्यातलं हरेक गाणं पाठ. समाजाचे अध्यक्ष होते, रेल्वेच्या गँगमध्ये राबून आलेले. मास्तर होते. पाटलाचा सालदार होता, थो ओट्यावर नाई, खालते उभा. मी होती, खालते बायायच्यात, कडेवर पोरगी. बाकी सारा मोहल्ला, लेकरंबाळं अन् कुत्रे धरून. मोठ्यायच्यातलं आता कोणी राह्यलं नाई, मी सोडून.

आमच्या घरी सनईचं काम किती पिढ्यायचं होतं थे मले मालूम नाई. लग्नात मले सांगतलं, पोरगा सनई वाजवते. मी म्हटलं, ठीक आहे. आमच्याकडे वाजवणं म्हणजे गावाले खबर देणं होतं. हळदीचं गाणं वेगळं, वरातीचं वेगळं, पोळ्याले तोरणाखाली बैल उभे राह्यले की त्याचं वेगळं, मातामायच्या पूजेचं वेगळं, मढं उचललं की आणखी वेगळं. बाई वावरात निंदत असली तरी मान वर करून सांगे, हां, फलाण्याच्या घरी हळद लागली. चांगलं वाजवलं का वाईट वाजवलं, हे कोणी म्हणत नव्हतं. पाऊस आला तर कोणी वा म्हणते का? दोरीवरचे कपडे काढते. तसं सनई वाजली की लोक आपापल्या कामाले लागत.

मंग नागपूरले जाऊन आमी दीक्षा घेतली. पायी जाणारे पायी गेलते, आमी जामच्या फाट्यावरून ट्रकात उभ्यानं गेलो. वापस आल्यावर मोहल्ल्याची सभा झाली. मेलेलं ढोर ओढाचं नाई. देवापुढे वाजवाचं नाई, गावाच्या दारी वाजवाचं नाई. डफडे ओट्यापुढे जाळले. चामडं जळताना लय वास येते. सनई लाकडाची, थे घरच्यायनं जाळली नाई. फडक्यात गुंडाळून आढ्याले बांधली. अध्यक्षायनं इचारलं नाई, यायनं सांगतलं नाई.

आमी गावाचं काम बंद केलं. गावानं आमाले काम देणं बंद केलं. दोन्हीकडून बरोबर झालं. विहीर बंद झाली तवा नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरलं. मी अल्लीपूरच्या शिवारात कामाले जाओ, पायटी अंधारातच निघून. एका वेळेले आंबील होई, एका वेळेले नाई. याचं मले काही जास्त सांगाचं नाई. साऱ्यायच्याच घरी तसं होतं.

आमच्या घरी वरून आणखी एक झालं. माहा माणूस थांबला. कामाले येत माह्यासंगं, पण पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळीच्या मधात उभे राहत, हात खालते सोडून. मुकरदम मले म्हणे, "बाई, तुह्या माणसाले घरी ठेव. मी कापूस वेचाले लोक बलावले, थो पऱ्हाटीले पहारा देऊन राह्यला." मंग घरी ठेवलं. घरी बाजेवर बसत. जेवण सुटलं. बोलणं पयलेच कमी होतं, थेही सुटलं. पाण्याचा लोटा हातात दिला तर लोट्यावर बोटं चालत, पाणी प्याचं राहून जाई.

मावससासू पाहून गेली. मले भायेर बलावलं अन् म्हणे, "लहानपणापासून फुकत आला थो. आता दम आतच कोंडून राह्यला वं. असा दम माणसाले आतून खाते."

"मंग काय करू, मावशी?"

"मले काय इचारतं? मी का डॉक्टर आहो?"

गळ्याची हाडं वरतं आलती त्यायच्या. मले वाटलं, हा माणूस पुढचा पोळा पाहत नाई. रडून पाह्यलं एक दिवस. काही फरक पडला नाई, मंग सोडून देलं.

उन्हाळा लागलता. एका दिवशी कामावरून येताना नाल्याकडून सनई आली कानावर. माहे पाय तिथंच थांबले. म्हटलं, झालं. गावानं टाकलंच आहे, आता मोहल्लाही टाकते. मंग जरा ऐकलं, तर थे हळदीचं नव्हतं. वरातीचं नव्हतं. कोणतंच नव्हतं. कुंपणात अडकलेलं वासरू वरडते तसं वर चढे, अन् आता कोठं तरी जाईन असं वाटे, तर मधातच मुरडून दुसरीकडे. मंग बारीक बारीक, मुंग्या चालल्यावानी. मंग एकदम एकच सूर, लांब, दम सरेपर्यंत. मंग काहीच नाई. अन् मले वाटलं संपलं, तर पुन्हा सुरू.

घरी आले तवा मी इचारलं, "काय वाजवून राह्यले होते जी?"

"काही नाई."

"काही नाई म्हणजे?"

"मले सारे गाणे थेच येतात. बोट हळदीच्या गाण्यात शिरलं की मी काढून घेतो. देवाच्या गाण्यात शिरलं की तिथूनही काढून घेतो."

"मंग उरते काय?"

"उरते थेच वाजवतो."

त्या दिवशी त्यायनं भाकर खाल्ली. दुसरी मांगितली. दुसरी नव्हती. पण मांगितली.

मंग रोज दिवस कलला की नाल्यावर जात. कामालेही येऊ लागले. पण गावाचं बिघडलं. गावाले सवय होती, सनई वाजली म्हणजे काहीतरी आहे. एक कास्तकार वखर सोडून घरी आला. त्याले वाटलं मढं उठलं. अंघोळ करून, ओलं धोतर नेसून कोण मेलं म्हणून घरोघर इचारत फिरला. कोणीच मेलं नाई म्हटल्यावर लय चिडला. एका बाईनं वरात आली म्हणून सुपात तांदूळ घेतले अन् दारात उभी राह्यली, अंधार पडेपर्यंत. तिच्या घरी म्हणे सासू तिले अजून, "आली का वं वरात?" असं म्हणे. आमच्याच मोहल्ल्यातली दाई, लेकरू झालं समजून, एका घरी जाऊन धडकली, तिथल्या सुनेले अजून लय दिवस होते.

सारे मले इचारत. "का वं, सनई कायची वाजून राह्यली?"

"कायचीच नाई."

"कायचीच नाई अन् वाजवते? येडा झाला का थो?"

"जेवते आता बरोबर," मी म्हणो.

माही नात आता नागपुरात कॉलेजात शिकवते. तिनं मले मोबाईलवर एक विदेशी बाजा ऐकवला, पितळेचा, वाकडा. म्हणे, "आजी, याले जाझ म्हणतात. त्यातलाही हा मोकळा जाझ. गाणं ठरलेलं नसते, सुचते तसं वाजवाचं. लोक तिकीट काढून ऐकतात." मी ऐकलं. म्हटलं, "याले कोणते गाणे बंद होते, माय?" शेवटी लोकायनं टाळ्या वाजवल्या. आमच्या इकडे ओलं धोतर नेसून भांडाले येत, टाळ्याबिळ्या काही नाई. पण ऐकत दोन्हीकडचे लोक, हे खरं आहे.

पोळा जवळ आला तवा पाटलाचा सालदार निरोप घेऊन मोहल्ल्यात आला. अध्यक्षायले म्हणे, "वाजवणं सोडलं म्हणता, अन् रोज तर वाजवून राह्यले. मंग तोरणाखालीच या वाजवाले. नाटक कायले करता?"

अध्यक्षायचं तोंड उतरलं. त्यायची चूक नव्हती. साऱ्यायनं पोट मारून जे धरलं होतं, थे आमच्या घरच्या सनईपायी सुटाले आलं होतं. सभा बलावली. थेच ओट्यावरची, जे मी वरतं सांगतली. सालदारालेही म्हटलं, थांब, जवाब घेऊनच जाजो.

अध्यक्ष म्हणे, "आमी डफडे जाळले. माह्या बापाचं डफडं होतं थे. तू सनई लपवली, ठीक आहे, मी बोललो नाई. पण आता वाजवतो अन् साऱ्यायले खाली पाहाले लावतो. आण इकडे. नदीत सोडतो."

घरचे म्हणे, "हे थे वाजवणं नाई."

"मंग कोणतं आहे?"

"मालूम नाई."

लोक हासले. मास्तर भले माणूस. म्हणे, "मी तुले नवीन गाणं बसवून देतो. बुद्धवंदना शीक. थे वाजव, कोणी काही म्हणणार नाई."

"गाणं नोको जी. गाणं आलं की मांगून त्याचं काम येते."

सनई हातातून सोडेनात. मी खालते बसली होती. मले एकच दिसे, बाजेवरचा माणूस अन् लोट्यावरचे बोटं. बाईनं सभेत बोलाचं नसे तवा. मी बोलली. म्हटलं, "ऐकून घ्या एकदा, मंग सोडा नदीत."

मास्तर म्हणे, "बरोबर आहे. मावशीले सारे गाणे येतात. याले वाजवू द्या. देवाचं, लग्नाचं, मढ्याचं एकही गाणं निघालं अन् मावशीनं हात वर केला, की सनई नदीत."

घरच्यायनं दिराले म्हटलं, सूर धर. दीर म्हणे, "कोणता धरू?"

"तुले वाटंन थो."

"मले काही वाटत नाई."

"मंग राहू दे."

वाजवलं त्यायनं. पयले तर लय लोक चुळबूळ करत होते, कोणाले खाज सुटली, कोणाले शेळी आठवली. दोघंतिघं उठून गेले. पोट्टे हासत होते, मंग हासाचे थकले. एक बाई वरडली, "हे हळदीचं! हे हळदीचं आहे!" साऱ्यायनं मावससासूकडे पाह्यलं. तिनं मान हालवली. "हळदीचं इथून खालते येते," म्हणे. "हा तिकडे गेला." कोठं गेला थे तिलेही दिसत नव्हतं. एका जागी मलेही मढ्याचं वाटलं. बुढीचा हात मांडीवरून उचलला, अर्ध्यावर आला, अन् सनईनं तिथून अंग काढून घेतलं. हात तसाच राह्यला, मंग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

माह्या बाजूची बाई रडत होती. म्हटलं, "काऊन रडून राह्यली वं?"

"मले काय मालूम. गप बस."

मास्तर जमिनीकडे पाहत होते. अध्यक्षायनं कानावर दुपट्टा ओढला, पण एकाच कानावर.

सरलं तवा कोणाले कळलंच नाई सरलं म्हणून. थे सनई मांडीवर ठेवून तोंड पुसत होते अन् लोक वाट पाहत बसलेले.

अध्यक्ष म्हणे, "मावशी, सांग."

मावससासूनं बसल्या जागी पाय लांब केले. मंग म्हणे, "मले हे आवडलं नाई. जीव टांगून ठेवते अन् खालते उतरवत नाई. पण यातलं एकही गाणं मले येत नाई. देवाचं नाई, लग्नाचं नाई, मढ्याचं नाई. माह्या मौतीले असं वाजवजो नोको."

अध्यक्षायनं सालदाराकडे पाह्यलं. "ऐकलं न? हे पायजे का तुमाले तोरणाखाली?"

सालदार खरा माणूस होता. म्हणे, "नाई बाप्पा. हे पोळ्याले चालत नाई. बैल बुजतीन."

"मंग जाऊन तसंच सांग पाटलाले."

थो गेला. अध्यक्ष उभे राह्यले, धोतर झटकलं. म्हणे, "ज्याचा कोणाले काही उपयोग नाई, त्याले बंदी कायची घालाची? ठेव तुही सनई." अन् सभा उठली.

गावानं मंग आमाले कामाले बलावलं, पण थे सनईपायी नाई. तण वाढलं होतं म्हणून. सनई आमच्या घरी राह्यली अन् माणूसही राह्यला, लय वर्षं. दिवस कलला की नाल्यावर जात. हळूहळू गावाले सवय झाली, लोक इचाराचे बंद झाले. ऐकणारे ऐकत, न ऐकणारे ढोरं घेऊन निघून जात. अध्यक्ष म्हातारपणी नाल्याच्या पल्याडच्या काठावर येऊन बसत, पाठ करून. ऐकाले आले का म्हटलं तर म्हणत, हवा खातो.

घरचे गेले छातीच्या बिमारीनं. त्या दिवशी कोणीच काही वाजवलं नाई. दिराले सनई देली होती, पण त्याले गाणेच येत, अन् गाणे आमी सोडलेले. मावससासूनं मेल्याआधी जुने गाणे कोणाकोणाले सांगतले, थे लोकायच्या ध्यानात आहेत. घरच्यायचं वाजवणं कोणाच्याच ध्यानात नाई. रोज वेगळं वाजवत, तर कोणी धरून कसं ठेवावं? मी रोज ऐकलं, अन् आज तोंडानं म्हणून पाहतो तर हळदीचं निघते.

म्हणून हे वाचणाऱ्याले एक सांगतो. त्या वेळी तुमी लेकरू असान अन् नाल्याकडे ढोरं चारत असान, अन् त्यातलं कानात इतकुसं जरी राह्यलं असंन, तर माह्या घरी येजा अन् म्हणून दाखवजा. बरोबर आहे का चूक आहे हे मले ओळखू येणार नाई. तरी येजा.