सोडायचं ते माझं होतं

बारा वर्षं मी लोकांना अर्धीच गोष्ट सांगत आलो: औंधच्या यमाईनं माझ्या पत्नीला, सुमनला, बरं केलं. गेल्या महिन्यात ती ऐकून पुतण्यानं देवीला नवस बोलून आपल्या बायकोचं मनाच्या आजाराचं औषध थांबवलं. म्हणून राहिलेली अर्धी आज लिहितो.

सुमनला तेव्हा ताप नव्हता, दुखणं नव्हतं. भाकरी थापता थापता हात थांबे, तवा धुरावत राही. "मी नसते तर बरं झालं असतं," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा कोरेगावहून तिला साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा नैराश्याचा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय थांबवू नका. दोन महिन्यांनी ती दारात रांगोळी काढू लागली. 'वेड्याच्या गोळ्या' घरातून जाव्यात, याची मला घाई होती. आमच्याकडे नवसाला माणूस एखादा आवडता पदार्थ सोडतो. मी देवीपुढे तिच्या गोळ्या सोडल्या.

महिन्याभरात ती पुन्हा विझली. नवस कमी पडला असेल, म्हणून तिला घेऊन यमाईचा डोंगर चढू लागलो. अर्ध्या वाटेत ती पायरीवर बसली, उठेना. ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी पाणी घेऊन आली. का कोण जाणे, तिला मी सगळं सांगून टाकलं. सुमनचा हात धरून तिनं ऐकलं आणि म्हणाली, "आवं, सोडायचं तर सवताचं कायतरी सोडा. तिची गोळी सोडणारं तुमी कोण? माझ्या लेकीनं दोन वरसं खाल्ली. आई काय डाक्टरवर रुसती व्हय?"

तिथूनच डोंगराकडे हात जोडले, तंबाखू सोडली आणि साताऱ्याची गाडी धरली.

फौजेत मी धाडसी माणसं पाहिली. पण जगण्याची इच्छा नसताना रोज उठून अंघोळ करणारी, ओढ्यापर्यंत चालून येणारी सुमन त्यांच्याहून मोठी. बरी होत आली तेव्हा म्हणाली, "देवीला माझ्या गोळ्या नकोच हुत्या. तुमची तंबाखू खुपत हुती." भावकीनं विचारलं तेव्हा मात्र लाजेपोटी मी फक्त देवीचं नाव घेतलं.

परवा पुतण्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर हे सगळं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "नाना, मग देवीला काय सांगू?"

"सांग, नाना खोटं बोलला."

काल ती दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही; तिला कोणी धाडलं, हे मी विचारत नाही. सकाळी सुमनच्या हातात पाण्याचा तांब्या देतो, तेव्हा त्या पायरीवरचं पाणी आठवतं आणि माझे हात आपोआप जोडले जातात.