पोस्टरवरचा खड्डा

एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम एकोणसत्तर हजार रुपये, म्हणजे तेवीस घरं, घरटी तीन हजार. हजर सतरा घरांतली माणसं, गल्लीचे अध्यक्ष असलेले निवृत्त गुरुजी, खजिनदार म्हणून मी, आणि पुण्याहून आलेले एक पाहुणे. हे सभेच्या वहीतून उतरवून घेतलं आहे, आठवणीच्या भरवशावर लिहिलेलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यायला सुरुवात झाली तो हा महिना. इकडे आमच्या शहरात, पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत, मोकळ्या जागेवर, सगळ्यांचा मिळून एक बोअर आहे. तो त्या वर्षी जानेवारीतच आटला. मी घर बांधलं तेव्हा मागे ज्वारीची वावरं होती आणि एकशे दहा फुटांवर पाणी लागलं होतं. पुढे वावरांच्या जागी इमारती आल्या, प्रत्येक इमारतीनं आपापला बोअर घेतला आणि पाणी खाली खाली गेलं. यात दुष्काळाचा वाटा किती आणि आमचा स्वतःचा किती, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. पैसे जमवले होते ते बोअरभोवती खड्डा घेऊन, त्यात गोटे आणि वाळू भरून, जवळच्या चार गच्च्यांचं पावसाचं पाणी त्यात सोडण्यासाठी. पावसाच्या आत खड्डा झाला नाही, तर आणखी एक वर्ष टँकर.

पाहुणे गुरुजींच्या ओळखीतून आले होते. पस्तिशीचे, गोड बोलणारे, पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेतले. त्यांचं म्हणणं असं, की नोव्हेंबरात परदेशात जागतिक हवामान परिषद भरते, तिथं आपली गल्ली दुष्काळी शहरातला नमुना म्हणून मांडता येईल. त्यासाठी पोस्टर, छोटी फिल्म, नोंदणी आणि एका प्रतिनिधीचा प्रवास. निम्म्याहून जास्त खर्च संस्था करेल, आपला लोकवाटा फक्त पंचेचाळीस हजार. एकदा नाव झालं की बाहेरचा निधी येईल आणि अख्ख्या वसाहतीचं काम होईल. प्रतिनिधी म्हणून गुरुजी.

मी खर्चाचा कागद मागितला. विमान, हॉटेल, फिल्म, छपाई, भाषांतर, संस्थेचा व्यवस्थापन खर्च. दोनदा वाचला.

"यात खड्डा कुठं आहे?"

"काका, खड्डा तर तुम्ही करणारच आहात ना!"

"उरलेल्या चोवीस हजारांत?"

"टप्प्याटप्प्यानं करा. निधी आला की..."

"आणि निधी आला नाही, बोअर कोरडाच राहिला, तर यातलं काही परत मिळतं?"

ते मनापासून हसले. "असं नसतं, काका."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" नळाला तेव्हा आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी यायचं. त्या दिवशी ते दुपारी येणार होतं, आलं सकाळी. नेमक्या त्याच वेळी गुरुजींनी विचारलं होतं, "मग, सगळ्यांना मान्य?" आता, आमच्या गल्लीत एक रीत आहे. निम्म्या घरांतली पोरं गुरुजींच्या हाताखाली शिकली, काही घरांतले बापही. त्यांच्यासमोरून उठायचं तर माणसं अजूनही हात वर करतात. सगळे हात वर झाले, "हो गुरुजी, आलोच गुरुजी" म्हणत खुर्च्या रिकाम्या झाल्या. फाटकातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, जगाचं हवामान मागून सुधारा, आधी मोटर लावा!" मीही हात वर केला आणि पळालो.

पाऊण तासानं ओल्या पायजम्यानं परत आलो तेव्हा गुरुजींचं वहीत लिहून झालं होतं, 'उपस्थितांनी हात वर करून एकमतानं मंजुरी दिली.' चेकवर फक्त माझी सही हवी होती.

"चेकबुक घरी राहिलं," मी म्हणालो. ते माझ्या पिशवीत होतं. सात वर्षांच्या खजिनदारकीत मी मारलेली ही एकच थाप.

संध्याकाळी गुरुजींकडे गेलो. ठराव चुकीचा लिहिलाय, हे त्यांना स्पष्ट सांगायचं ठरवूनच. त्यांनी आधी मला गुलमंडीच्या बाजारातून कापड आणून शिवलेला बंद गळ्याचा कोट दाखवला, मग पासपोर्ट. कोरा करकरीत.

"तीस वर्षं पोरांना नकाशावर जग दाखवलं," ते म्हणाले. "मी स्वतः मुंबईच्या पुढं गेलो नाही."

चहा घेऊन परत आलो.

"दिला का चेक?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"आणि 'देणार नाही' असं सांगितलं का?"

"नाही."

"वा! तुम्हीच जा मग परिषदेला. तिथं असंच चालत असेल."

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला. देशांनी एकत्र बसून बोलू नये असं माझं म्हणणं नाही. धूर सगळ्यांचा आहे, बोलणंही सगळ्यांनीच करायला हवं. पण त्या कागदावरची प्रत्येक ओळ कुणाच्या ना कुणाच्या खिशात जात होती. विमानवाला, हॉटेलवाला, फिल्मवाला, छापखाना, संस्था. यांतल्या कुणालाही बोअर भरो न भरो, काही फरक पडत नव्हता. पाहुणे तीन परिषदा करून आले होते आणि भरभरून सांगत होते: गारेगार मंडप, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, गावातल्या हॉटेलांचे वाढलेले भाव. ते लबाड नव्हते. त्यांचा पगार त्यातून निघायचा, इतकंच. माझाही पगार निघाला असता तर मी कदाचित वेगळं लिहिलं असतं.

दहाएक दिवसांनी गुरुजींनी मला बोलावलं. पुण्याहून पोस्टरचा नमुना आला होता. गुरुजींच्या हातात लाल पेन होता.

"हा खड्डा आपला नाही," ते म्हणाले.

पोस्टरवर छान बांधलेला खड्डा होता, भोवती हसणारी पोरं, आणि खाली ओळ, 'लोकसहभागातून पूर्ण.' माती काळीभोर. आमच्याकडे दोन फुटांखाली मुरूम लागतो. मागे नारळाचं झाड. आमच्या मोकळ्या जागेत एक कडुनिंब आहे, बाकी मोटारसायकली. गुरुजींनी नारळाभोवती लाल गोल काढला होता.

माझ्यासमोर त्यांनी फोन लावला. पलीकडून "गुरुजी, फोटो प्रातिनिधिक आहे, सगळेच असं करतात" एवढं मलाही ऐकू आलं.

"सगळेच करतात, हे कारण मला दहावीची पोरं द्यायची," गुरुजी म्हणाले. "मी शून्य द्यायचो." फोन ठेवला. मग मला म्हणाले, "तुमचं चेकबुक त्या दिवशी पिशवीतच होतं ना?"

"हो गुरुजी."

"वाटलंच मला. सभा बोलवा. पाण्याचा दिवस सोडून."

सभेत त्यांनी स्वतः ठराव वाचला आणि स्वतःच त्यावर रेघ मारली. "हे आम्ही कधी मंजूर केलं?" सगळे एकमेकांना विचारत राहिले. कोट कपाटात गेला.

खड्डा खोदायला सिल्लोडकडचं एक जोडपं मिळालं. पूर्वी मेंढरं राखायचं, आता मिळेल ते काम. बोलणी बाईनंच केली. नवरा मुरूम हातानं कुस्करून बघत होता.

"वीस हजार घिऊ. त्यातले चार तुमच्याकडंच ठिवा. पाणी मुरलं तर द्या, नाय मुरलं तर ऱ्हाऊ द्या."

"नाही मुरलं तर खरंच नको?" मी विचारलं.

"पाणी नाय जिरलं तर त्यो खड्डा कशाचा? उकिरडा म्हणा मंग!" ती म्हणाली. नवरा म्हणाला, "व्हय."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी परिषदेच्या बातम्या नेमानं वाचतो. असली अट घालून कुणी सही केल्याचं अजून वाचनात आलेलं नाही.

मे महिनाभर गुरुजी छत्री उघडून खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसायचे. बाई त्यांना म्हणायची, "मास्तर, उनात काळं पडाल, मंग कोट शोभायचा नाय." कोटाची बातमी गल्लीभर झाली होती.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, सप्टेंबरअखेर तर झोडपलं. मी दोरीला लोखंडी नट बांधून बोअरमध्ये सोडला. शहाण्णव फुटांवर दोरी ओली. पुन्हा सोडला, पुन्हा शहाण्णव. मोटर चालू केली, आधी गढूळ पाणी आलं, मग नितळ. गुरुजी भर उकाड्यात बंद गळ्याचा कोट घालून खड्ड्याशेजारी उभे राहिले आणि मी फोटो काढला. मागे कडुनिंब नीट आला आहे.

एकोणसत्तर हजारांचा हिशेब असा मिटला. पाइप, गोटे, वाळू, सिमेंट, दुकानदाराला अडतीस हजार तीनशे. प्लंबरला साडेनऊ हजार. पोस्टरच्या नमुन्याचे पुण्याच्या संस्थेला बाराशे. काम आपल्याच ठरावावरून झालं होतं, तेव्हा ते बुडवणं बरं नव्हतं. पावतीसाठी दोनदा फोन केला, अजून आलेली नाही. खोदाईचे सोळा हजार मे महिन्यात, आणि राखून ठेवलेले चार हजार दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रोख, त्या बाईच्या हातात. तिनं आधी मोटर चालू करायला लावली, ओंजळभर पाणी प्यायली, आणि मग पैसे घेतले.