पियानो चालू, फाटक बंद

तुंगार्लीतल्या त्या बंगल्यात मी संगीत ऐकायला गेलो नव्हतो, फाटक उघडून घ्यायला गेलो होतो. मुंबईच्या एका सॉलिसिटरसाहेबांनी बंगला घेतला आणि आवारातून बाजाराकडे उतरणारी गावाची पायवाट फाटक ठोकून बंद केली. दूध घालणाऱ्या बायांना टेकडीला वळसा पडू लागला. उन्हाळ्याचे दिवस, लोणावळ्याच्या हॉटेलांत पोचेपर्यंत दूध नासायचं. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, खिशात घातलं आणि गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना घेऊन बंगल्यावर गेलो.

साहेब म्हणाले, "बसा. आधी हे संपू द्या."

'हे' म्हणजे ग्रामोफोनवरचा पियानोचा कॉन्चेर्तो. इकडे एकटा पियानो, तिकडे वाद्यांची अख्खी पलटण. किल्ली दिली आणि पलटण आमच्या अंगावर आली. पियानोने जरा वेळ ऐकून घेतलं, मग असा तुटून पडला की माझी मूठ आपोआप वळली. हा तर आमचाच माणूस! पण ऐन हाणामारीत तबकडी संपली. साहेब ती उलटवू लागले, तेवढ्यात मी पत्रक काढलं.

"साहेब, त्या फाटकाचं..."

त्यांनी एक बोट वर केलं. सुई टेकली.

प्रत्येक तबकडीला हेच. बंड ऐन रंगात यायचं आणि कोणी उठून किल्ली देईपर्यंत थंड पडायचं. मला तालुक्यातले आमचे काही पुढारी आठवले.

मधला भाग संथ होता. पियानो एकटाच हळू बोलत राहिला आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी माझ्या कानाशी विचारलं, "कोन गेलं ह्यांचं?"

शेवटी एकदाचं संपलं. साहेब रुमाल घडी करत म्हणाले, "ऐकलंत? एकटा सभ्य गृहस्थ आणि त्याच्यावर धावून येणारा हा जमाव. माझी इथे अगदी हीच अवस्था आहे."

तोवर मी त्या पलटणीला सरकार समजत होतो.

माझ्याआधी आबाच बोलले, "पर सायेब, शेवटाला समदी मिळूनच वाजवत व्हती की. मंग आमच्या बायांनीच काय घोडं मारलं?"

कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं याचंच साहेबांना अप्रूप वाटलं असावं. "ठीक आहे," ते म्हणाले, "फाटक उघडतो. फक्त तबकडी चालू असताना नाही. चरव्या फार वाजतात."

साहेब सकाळी ऐकायचे. दूधही सकाळीच निघायचं.

दुसऱ्या दिवशी मी नवं, अधिक जळजळीत पत्रक घेऊन फाटकाशी उभा राहिलो. बाया चरव्या घेऊन खोळंबल्या होत्या. पत्रक कोणी घेतलं नाही. एका मावशीने विचारलं, "लेकरा, त्यातलं तुला कळतं म्हनं. किती ऱ्हायलं?"

मी कान दिला. "संथ भाग चाललाय, मावशी. पियानोची शेवटची मारामारी बाकी आहे."

तिने चरवी जांभळीच्या सावलीत सरकवली, वरचं फडकं पुन्हा ओलं केलं.

"मंग सांग त्याला," ती म्हणाली, "आजच्या दिस बिगीनं हरून जा म्हनावं."